झेडपीचा मेंबर आमदारकीला निघतो तेव्हा

सांगली-साताऱ्याकडे गावोगावी ग्रामपंचायतीचे मेंबर असतात, सोसायटीचे संचालक असतात. पण पंचायत समितीच्या आवारात गाडी थांबली आणि शिपाई आत जाऊन नुसतं ‘मेंबर आलेत’ म्हणाला, तर समजायचं की झेडपीचे आलेत. या मेंबरांपैकी निम्म्यांना आमदार व्हायचं असतं. उरलेले निम्मे तसं बोलून दाखवत नाहीत.

होतात मात्र मोजकेच. जे राहतात ते पैसा कमी पडला, तिकीट कापलं, नेत्यानं दगा दिला असं सांगतात. तेही खोटं नसतं. पण झेडपी आणि विधानसभा हे दोन वेगळे धंदे आहेत, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एकातली हुशारी दुसऱ्यात अर्धीच चालते, आणि चालणारं अर्धं कोणतं हे कळेपर्यंत एक टर्म निघून जाते.

मुळात हे दोन वेगळे ठेवले होते ते ठरवून. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात झेडप्या सुरू झाल्या. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कराडचे, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांचे. त्या रचनेत आमदार-खासदारांना झेडपीच्या बाहेर ठेवलं. जिल्ह्यात नवी पिढी तयार व्हावी आणि आमदारानं तिच्या डोक्यावर बसू नये, हा हिशेब. पुढे जिल्हा नियोजनाच्या निमित्तानं पैशाची चावी पालकमंत्र्याच्या बैठकीत गेली आणि आमदार मागच्या दारानं आत आलाच. आजही राज्यघटनेप्रमाणे जिल्हा नियोजन समितीचे चार पंचमांश सदस्य झेडपी आणि नगरपालिकांतून निवडून यायला हवेत, आमदार तिथे निमंत्रित. प्रत्यक्ष बैठकीत कोण बोलतं आणि कोण मान डोलावतं, हे ज्यानं एकदा पाहिलंय त्याला सांगायची गरज नाही.

या वाटेचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे आर. आर. आबा. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. १९७९ ला सावळज गटातून (गट म्हणजे झेडपीचा मतदारसंघ) सांगली झेडपीवर गेले, १९९० पर्यंत तिथे राहिले, त्याच वर्षी तासगावातून विधानसभेवर, आणि ती धरून २०१४ पर्यंत ओळीनं सहा निवडणुका जिंकल्या. हाताशी ना कारखाना, ना शिक्षणसंस्था. १९९९ ला ग्रामविकास खातं मिळालं आणि पुढच्याच वर्षी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघालं. त्या अभियानाची मांडणी नीट बघा. आधी अनुदान, मग काम, असं नाहीच. गावानं आधी स्वतःच्या अंगमेहनतीनं काम करायचं, तपासणी झाल्यावर बक्षीस. अनुदान आलं की गावात पहिलं भांडण कशावरून होतं, हे झेडपीत अकरा वर्षं काढलेल्या माणसालाच सुचेल, असं माझं मत आहे. मंत्रालयातून गाव बघणाऱ्यानं निधीची योजना काढली असती.

दुसरं नाव अनिल बाबर. गार्डीचे सरपंच, झेडपी, खानापूर पंचायत समितीचे सभापती, आणि १९९० ला आमदार. मग १९९९, मग थेट २०१४ आणि २०१९. मधल्या मोठ्या खंडांतही टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचा विषय त्यांनी सोडला नाही. ३१ जानेवारी २०२४ ला ते गेले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांचे चिरंजीव सुहास बाबर निवडून आले, तेही झेडपीचं उपाध्यक्षपद करून.

आता झेडपीत माणूस नेमकं काय शिकतो ते बघू. एक रस्ता घ्या. वाडीपासून गावापर्यंत दीड किलोमीटर, खडी उखडलेली, पावसाळ्यात एसटी येत नाही. नवा मेंबर पहिल्या महिन्यात नारळ फोडायच्या गडबडीत असतो. जुना मेंबर आधी बांधकाम उपविभागात जाऊन विचारतो, ‘रस्त्याला नंबर आहे का?’ ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग झेडपीकडे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. रस्ते विकास आराखड्यात नोंदच नसेल, तर तो कागदावर रस्ताच नाही, आणि त्याला ‘३०५४’ या लेखाशीर्षातून दुरुस्ती मिळत नाही की ‘५०५४’ मधून सुधारणा. मग आधी ग्रामपंचायतीचा ठराव, नोंदीचा प्रस्ताव, मंजुरी. यातच वर्ष जातं. गावात तोवर ‘मेंबर नुसतं बोलतोय’ सुरू होतं.

नंबर असेल तर शाखा अभियंता अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मान्यता होते, प्रशासकीय मान्यता होते, निविदा किंवा काम वाटप समिती, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तकात नोंद, बिल. फाईल अडते ती बहुतेक ठरलेल्या दोन-तीन जागी. पहिली जागा म्हणजे जमीन. सातबाऱ्यावर रस्ता खासगी गटातून जातो, मालक इतकी वर्षं गप्प होता, जेसीबी दिसला की उभा राहतो. बक्षीसपत्र किंवा लेखी संमती आधी घेतलेली नसेल, तर काम तिथेच थांबतं. दुसरी, ई-निविदेच्या मर्यादेखाली बसावं म्हणून एका रस्त्याचे तीन तुकडे पाडायचे. मग पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्याचं काम होतं, मधला राहतो, आणि पाच वर्षं त्याच्या नावानं शिव्या बसतात. तिसरी, मार्च. मान्यता फेब्रुवारीत, पैसे मार्चअखेर, काम कागदावर सुरू. पुढच्या वर्षीच्या तरतुदीतला मोठा वाटा मग गेल्या वर्षीच्या दायित्वातच, म्हणजे मंजूर कामांच्या राहिलेल्या देण्यातच, जातो आणि नव्या कामाला हातात चिल्लर उरते.

हे सगळं ज्याला तोंडपाठ, तो उद्या आमदार झाल्यावर कार्यकारी अभियंत्यासमोर फसत नाही. झेडपीची खरी कमाई ही. ‘निधी संपला साहेब’ म्हणणाऱ्याला कोणत्या शीर्षातला संपला आणि किती दायित्व काढलं, हे विचारता येणं. थेट आमदार झालेल्यांना हे पीएकडून शिकावं लागतं, आणि पीए शिकवतो तेवढंच कळतं.

दुसरी कमाई समाजकल्याण आणि महिला-बालकल्याणच्या फायलींतून होते. झेडपीच्या स्वतःच्या उत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. शिलाई मशीन, सायकल, पिठाची गिरणी. रकमा किरकोळ, पण लाभार्थ्यांची यादी करताना घराघरातली माहिती मिळते. चाणाक्ष मेंबर त्या यादीची एक प्रत स्वतःकडे ठेवतो.

मात्र झेडपीतली सवय कुठे घात करते तेही सांगितलं पाहिजे. सांगली जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या २८ लाखांवर, त्यातली पाऊणएक ग्रामीण. २०१७ ला झेडपीच्या जागा होत्या ६०. म्हणजे एका गटात ३५ हजारांच्या आसपास माणसं. मतदार धरा पंचवीस-एक हजार, त्यात निम्मी मतं घेतली की विजय नक्की. विधानसभेला मतदार तीन लाखांच्या घरात आणि जिंकायला लाखाच्या पुढे मतं. हा फरक नुसता दहापटीचा नाही. गटात मेंबर प्रत्येक गावातल्या दोन्ही पार्ट्यांची माणसं नावानं ओळखतो, कोण कुणाचा पाहुणा, कुणाचा बांध कुणाशी वादात, सगळं. तीन लाख माणसांत हे चालत नाही. तिथे माणसं ओळखणारी माणसं ओळखावी लागतात.

आणि स्वतःच्या गटाबाहेरच्या गावात जाताना झेडपीच्या मेंबराला कायम एक अडचण येते. त्या गटाचाही एक मेंबर असतो, त्यालाही आमदार व्हायचं असतं. तो हारतुऱ्यात पुढे, आणि संध्याकाळी फोनवर उलटं. तिकीट कापलं जातं ते वरून, पण त्याची कात्री बहुतेकदा शेजारच्या गटातून गेलेली असते.

मतदारसंघाच्या हद्दी तर तालुक्याच्या हद्दी मानतच नाहीत. २००९ च्या निवडणुकीपासून नवी रचना आली आणि तासगाव तालुक्यातलं विसापूर सर्कल, म्हणजे महसूल मंडळ, खानापूर मतदारसंघात गेलं. वाळव्याची कितीतरी गावं शिराळ्यात मत देतात. कराड उत्तरमध्ये कराडबरोबर सातारा, कोरेगाव, खटाव या तालुक्यांतली गावं येतात. पंचायत समिती एकीकडे, आमदार दुसरीकडे. विसापूर सर्कलमधल्या माणसाचं काम तासगावच्या तहसीलदाराकडे, पण त्याचा आमदार खानापूरचा. अशा गावांत जो उमेदवार आधी जाऊन ‘तुमचं तहसीलचं काम मी करतो’ म्हणतो, त्याचं वजन वाढतं. आणि निवडून आल्यावर अशा गावांकडेच सगळ्यात आधी दुर्लक्ष होतं, कारण आढावा बैठका तालुकावार होतात. आपल्या मतदारसंघातल्या चार तालुक्यांच्या चार बैठकांना आमदार जाऊ शकत नाही. तो मुख्य तालुक्याच्या बैठकीला जातो.

साखर कारखान्याविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जयंत पाटील १९९० पासून सलग निवडून येतात. त्यांची वाट झेडपीची नव्हे, राजारामबापू कारखान्याची. कारखान्याच्या बाजूनं लढणाऱ्याकडे सभासद यादी असते, गट ऑफिस असतं, चिटबॉय असतो. चिटबॉय उसाच्या नोंदीसाठी प्रत्येक शिवारात फिरतो. कुणाचा ऊस कधी लागला, तोड कधी यायची, हे त्याच्या वहीत. झेडपीच्या मेंबराकडे याला उत्तर एकच. ज्याचा ऊस नाही, त्याच्यापर्यंत पोचायचं. द्राक्षवाला, डाळिंबवाला, दूधवाला, ऊसतोडीला जाणारा, मुंबईला माथाडीत असलेला. आबांना कारखाना नसताना जमलं, कारण तासगावच्या पट्ट्यात सगळ्यांच्या नाड्या एका गव्हाणीला बांधलेल्या नव्हत्या. हेच गणित कृष्णाकाठच्या निव्वळ उसाच्या पट्ट्यात जमवून दाखवणं जास्त अवघड आहे.

झेडपीवरून पुढे जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण मात्र आरक्षणाच्या सोडतीची. गटांचं आरक्षण चक्राकार फिरतं. २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के जागा, त्यावर अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींचं आरक्षण. पाच वर्षं एखाद्यानं गट बांधला, दिवसरात्र फिरला, आणि सोडतीत चिठ्ठी निघाली ‘सर्वसाधारण महिला’. मग घरात बैठक. बायको की आई की भावजय. पोस्टरवर तिचा फोटो मोठा, याचा छोटा, आणि खाली ‘यांचे नेतृत्वाखाली’. ज्या बाई नंतर खरंच काम करू लागतात, त्यांची अडचण वेगळीच. फाईल त्यांच्या सहीनं हलते, पण आमदारकीच्या चर्चेत नाव नवऱ्याचं. विधानसभेचं आरक्षण असं दर निवडणुकीला फिरत नाही. फलटण आणि मिरज २००९ पासून अनुसूचित जातींसाठी आहेत, आणि पुढच्या पुनर्रचनेपर्यंत तसेच राहतील. म्हणून चतुर माणूस दुसऱ्या टर्मपर्यंत थांबत नाही. गट हातात आहे तोवरच तालुकाभर फिरून घेतो. विषय समितीचं सभापतिपद असेल तर उत्तम, कारण मग बाहेरच्या गटात जायला निमित्त लागत नाही. बांधकाम, शिक्षण आणि कृषी सभापतीला सगळा जिल्हा खुला. मात्र पदं अडीच वर्षांची, आणि त्यातले पहिले सहा महिने सत्काराला जातात.

पात्रतेच्या नियमांत एक मजेशीर विसंगती आहे, ती माहीत नसल्यानं माणसं फसतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं, तर झेडपी, पंचायत समिती, ग्रामपंचायत, नगरपालिका, सगळीकडे अपात्र. विधानसभेला ही अटच नाही. म्हणजे ज्याला गावचा मेंबर होता येत नाही, तो आमदार होऊ शकतो. झेडपीला वय २१, विधानसभेला २५. झेडपीला नाव त्या जिल्ह्यातल्या यादीत हवं. विधानसभेला राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत असलं तरी चालतं, फक्त लढतोय तो मतदारसंघ वेगळा असेल तर यादीच्या भागाची प्रमाणित प्रत अर्जासोबत जोडावी लागते. ही प्रत विसरणारे दर निवडणुकीत सापडतात.

अर्जाचं पुढचं काम वकिलाकडून करून घ्यावं, पण काय तपासायचं ते स्वतःला माहीत हवं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक एक, अपक्षाला दहा, आणि सगळे त्याच मतदारसंघातले मतदार. अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. झालेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशाहून कमी पडली की जप्त. एका मतदारसंघात चार अर्जांपर्यंत भरता येतात. निदान दोन भरावेत, सूचक वेगवेगळे ठेवून, म्हणजे एका सूचकाच्या सहीवर आक्षेप आला तरी दुसरा अर्ज टिकतो. नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा सोडायचा नाही. नसेल तर ‘निरंक’, लागू नसेल तर ‘लागू नाही’. रेघ मारायची नाही. पक्षाची अधिकृत उमेदवारी सांगणारा एबी फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. पावणेतीनला गाडी कोल्हापूर नाक्यावर अडकली, हे कारण चालत नाही. गुन्हे दाखल असतील तर त्यांची जाहिरात तीनदा द्यावी लागते. आणि सरकारी काम स्वतःच्या नावावर चालू असेल, तर ते आधी निकाली काढा. ठेकेदारीतून मेंबर झालेल्यांची इथे तारांबळ उडते, कारण काम भावाच्या नावावर आहे असं त्यांना वाटत असतं आणि करारावर सही यांची निघते.

खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख. झेडपीची जागांच्या संख्येवर ठरते आणि विधानसभेच्या मानानं फारच थोडी असते. मर्यादा पाळली जाते का, या प्रश्नावर हसू नका. पण हिशेब मात्र निकालानंतर ३० दिवसांत द्यावाच लागतो. पडलेल्यानंही. पडलेला माणूस वैतागून कागद फेकून देतो, मग अपात्रतेची नोटीस येते आणि पुढची निवडणूक हातची जाते. विधानसभेच्या बाबतीत ही अपात्रता तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. पाच हजारांचा माणूस हिशेबाला ठेवला असता तर वाचलं असतं.

समजा, निवडून आला. आता चूक कुठे होते?

पहिल्याच महिन्यात घराच्या ओट्यावर माणसं. हातात ठराव, निवेदन, लग्नपत्रिका. जुन्या सवयीनं मेंबर, म्हणजे आता आमदार, प्रत्येकाला रस्ता, सभामंडप, हायमास्ट कबूल करतो. त्याच्याकडे आमदार निधी आहे, वर्षाला ५ कोटी. शिवाय ‘२५१५’, म्हणजे ग्रामविकास खात्याकडून गावांतर्गत मूलभूत सुविधा. शिवाय नियोजन समितीतून जनसुविधा, नागरी सुविधा. ऐकायला भरपूर. पण मतदारसंघात सव्वाशे-दीडशे गावं धरा, प्रत्येक गावाला वर्षाला एक दहा लाखांचं काम म्हटलं तरी १२ ते १५ कोटी झाले. वाड्यावस्त्या वेगळ्याच. पाच वर्षांत प्रत्येक गावात एक फलक लागतो, आणि प्रत्येक गावात एक माणूस म्हणतो, ‘आमच्या आळीला काय दिलं?’

यात एक गोष्ट वाईट घडते. आमदार झेडपीच्या मेंबराचं काम करू लागतो, आणि मेंबर रिकामा होतो. चौदाव्या वित्त आयोगानं २०१५ पासून सगळा पैसा थेट ग्रामपंचायतींना दिला तेव्हा झेडपीचा हात आधीच आखडला होता. पंधराव्यात १० टक्के पंचायत समितीला, १० टक्के झेडपीला आणि ८० टक्के ग्रामपंचायतीला असं झालं. वरून आमदार, खालून सरपंच. मधला मेंबर शिफारसपत्रं देत बसतो.

आमदाराला जे फक्त तोच करू शकतो, ते काम सभागृहात आहे, आणि तिकडे जुने झेडपीवाले सगळ्यात जास्त बुजतात. झेडपीच्या सर्वसाधारण सभेत उभं राहून टेबलावर हात आपटला की सीईओ उत्तर देतो. विधानसभेत तसं नाही. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्यायचा, ठरलेल्या साच्यात: ‘(१) अमुक योजनेचे काम अपूर्ण आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय व त्यात काय आढळून आले, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तर येतं: ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) होय. (३) प्रश्न उद्भवत नाही.’ नवा आमदार इथे चिडतो. मुरलेला आमदार त्या ‘अंशतः’वर बोट ठेवतो. किती अंश? किती किलोमीटर झालं, किती राहिलं, कुणाच्या सहीनं थांबलं? प्रश्नोत्तराच्या तासात वरचे मोजकेच प्रश्न चर्चेला येतात, बाकीचे पटलावर जातात. म्हणून पहिल्या प्रश्नात सगळी कहाणी लिहू नये. तारीख, आदेशाचा क्रमांक, रक्कम, एवढंच विचारावं. उपप्रश्नात फास आवळावा. नियम १०५ ची लक्षवेधी सूचना जास्त धारदार, कारण मंत्र्याला निवेदन करावं लागतं आणि त्यात आश्वासन दिलं तर ते आश्वासन समितीच्या वहीत चढतं. लक्षवेधी लागली आणि आमदार त्या वेळी मतदारसंघात कुणाच्या तरी वास्तुशांतीला, असंही होतं. वास्तुशांतीचा फोटो गावभर जातो, म्हणून तो तिकडे असतो. मला यात आमदाराइतकाच दोष आपला दिसतो.

सभागृह कशासाठी लागतं ते आपल्या पूर्व भागाला वेगळं सांगायला नको. झेडपीचा लघुपाटबंधारे विभाग १०० हेक्टरपर्यंतची कामं बघतो. पाझर तलाव, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटावची तहान त्यात भागत नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर हे सगळं कृष्णा खोरे महामंडळाकडे, म्हणजे १९९६ ला निघालेल्या महामंडळाकडे, म्हणजे शेवटी मंत्रालयाकडे. उपसा योजनेचं वीजबिल ८१ टक्के शासनानं आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी, हा निर्णय कुठल्या झेडपीच्या ठरावानं झालेला नाही. पंप सुरू राहतात की थकबाकीपायी बंद पडतात, पाण्याचं आवर्तन मार्चमध्ये सुटतं की मेमध्ये, यावर द्राक्षबाग तगते की वाळते ते ठरतं. २८८ मतदारसंघांच्या यादीत २८८ वा क्रमांक जतचा आहे. यादीतही शेवटी, कालव्यावरही शेवटी. तिथल्या मेंबरानं शंभर सभामंडप बांधले तरी लोकांना पाणी कधी हेच विचारायचं असतं.

पक्ष बदलण्याचं गणितही वेगळं होतं. झेडपीत व्हिप मोडला तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यापुढे. आमदाराचं विधानसभा अध्यक्षापुढे. महापालिकेत तर मतदान झाल्यावरच कळतं कोण कुठे आहे. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये २०१८ ला ७८ पैकी ४१ जागा भाजपकडे होत्या, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत महापौर झाला राष्ट्रवादीचा. ज्यांनी तो दिवस जवळून पाहिला ते नगरसेवक आज कुणाच्याही आकडेमोडीवर विश्वास ठेवत नाहीत. आमदारकीला उभं राहणाऱ्याला हे शिक्षण फुकट मिळालं म्हणायचं.

एक आडवाटही आहे. विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाच्या. सांगली-साताऱ्याची मिळून एक. मतदार झेडपी सदस्य, पंचायत समिती सभापती, नगरसेवक. मतं पसंतीक्रमानं, आणि आकडा लिहायचा तो केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननंच. स्वतःचं पेन वापरलं की मत बाद. २०१६ ला मोहनराव कदमांनी शेखर गोरेंना हरवून ती जागा घेतली. डिसेंबर २०२२ ला त्यांची मुदत संपली आणि जागा रिकामी पडली, कारण मत द्यायला स्थानिक संस्थाच शिल्लक नव्हत्या. मार्च २०२२ मध्ये झेडप्यांची मुदत संपून प्रशासक आले होते, ते साडेतीन वर्षांहून जास्त बसले.

त्या काळाचं नुकसान मोजायचं तर तालुक्यातल्या पस्तिशीच्या कार्यकर्त्यांकडे बघा. २०१७ ला पंचायत समितीला निवडून आलेला पोरगा २०२२ ला झेडपी लढला असता, २०२४ ला विधानसभेच्या चर्चेत आला असता. त्याच्या पायरीवर प्रशासकाची खुर्ची होती. त्या वर्षांत ज्यांची नावं पुढे आली, त्यांत आमदारांची मुलं, कारखान्याचे संचालक आणि मोठे ठेकेदार जास्त दिसले, यात आश्चर्य काही नाही.

आमदार झालेल्या मेंबराचा स्वतःचा जुना गट कुणाला द्यायचा, हा प्रश्न शेवटी राहतोच. ज्यानं पंधरा वर्षं बूथ सांभाळले, जीप चालवली, रात्री दोनला मतदार यादीवर खुणा केल्या, त्याला वाटत असतं आपला नंबर. घरातल्या धाकट्या भावालाही तेच वाटत असतं. आमदार दोघांनाही सांगतो, ‘सोडत होऊ दे, मग बघू.’ सोडतीच्या दिवशी दोघंही जिल्हाधिकारी कार्यालयात शेजारीशेजारी उभे असतात, आणि चिठ्ठी काढायला आणलेलं शाळेतलं पोरगं बरणीत हात घालतं.